तुम्ही विचारलंत म्हणून : पाच डॉलरसाठी कोर्टात का बसायचं?

न्यू जर्सीत आमच्या आसपासची जी मराठी मंडळी अमेरिकी नागरिकत्वाच्या मुलाखतीची तयारी करत असतात, त्यांच्याकडून मी रविवारी सकाळी प्रश्नोत्तरं घोकून घेते. २००८ च्या जुन्या यादीत एक प्रश्न होता : फक्त नागरिकांवरच असलेली एक जबाबदारी सांगा. उत्तरं दोन, कुठलंही एक दिलं तरी चालायचं. ज्युरीत बसणं, म्हणजे खटला ऐकून निकाल देणाऱ्या साध्या नागरिकांच्या मंडळात बसणं, नाहीतर केंद्रीय निवडणुकीत मत देणं. झाडून सगळे मतदान सांगायचे. ज्युरीचं नाव काढलं की चेहरे उतरतात, आणि चहाच्या वेळी कुणीतरी विचारतंच, "काकू, तुम्ही बसला होतात ना ज्युरीत? नोकरी करून पोट भरणाऱ्या साध्या माणसाला हा भुर्दंड कशासाठी? आणि टाळता येतं का हो?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते, नाहीतर तेवढंच ऐकून लोक उठतात.

पहिल्याचं उत्तर असं, की हे काम मला रास्त वाटतं. त्याचं बिल ज्याच्या नावावर फाडलं जातं, ते मात्र रास्त वाटत नाही. आणि ते बिल एकट्या कामगाराच्या खिशातून जातं असंही नाही. ज्याचा खटला चालू असतो, त्यालाही ते भरावं लागतं. ते कसं, हे सांगायला जरा वेळ लागेल.

आधी पैशांचं बोलून घेऊ, कारण प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात तेच असतं. मला समन्स आलं तेव्हा न्यू जर्सीत ज्युरीला पहिले तीन दिवस रोजचे ५ डॉलर मिळायचे आणि चौथ्या दिवसापासून ४०. पाच डॉलर. कोर्टाच्या कोपऱ्यावर कॉफी आणि बेगल घेतलं की संपले. वर हे उत्पन्न करपात्र असतं, म्हणजे इन्कम टॅक्सच्या फॉर्मात ते दाखवायचं! केंद्रीय कोर्टाचा दर २०१८ पासून दिवसाला ५० डॉलर आहे. ऐकायला बरा वाटतो, पण आठ तासांनी भागून बघा. ताशी सव्वासहा पडतात. याच केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ आहे. म्हणजे दुसऱ्या कुणी मालकाने एवढ्या मजुरीत माणूस राबवला तर सरकार त्याला कोर्टात खेचेल, आणि त्या खटल्यासाठी ज्युरी बोलावेल सव्वासहाच्या भावाने.

नोकरीला धक्का लागत नाही, हे खरं. ज्युरीत गेला म्हणून कामावरून काढता येणार नाही, असा कायदा केंद्राचाही आहे आणि आमच्या राज्याचाही. पण काढायचं नाही म्हणजे पगार द्यायचा असं नव्हे. खासगी मालकाने त्या दिवसांचा पगार द्यावाच, असं बंधन बहुतेक राज्यांत नाही. सरकारी नोकर आणि मोठ्या कंपन्यांतले लोक पगारी रजेवर येतात. मी त्यांतलीच. औषधाच्या कंपनीत हिशेब लिहिते. एचआरला समन्सची प्रत पाठवली, "ओके" असं उत्तर आलं, विषय संपला. माझ्यावर कसला भार? मला तर ऑफिसच्या महिनाअखेरीतून सुटका वाटली.

हातावर पोट असणाऱ्याचं तसं नाही, आणि ते मी कोर्टात डोळ्यांनी पाहिलं.

ज्युरीच्या मोठ्या खोलीत सकाळी शेदीडशे माणसं तरी असतील. ओळीने खुर्च्या, भिंतीवर टीव्ही, कोपऱ्यात वेंडिंग मशीन. इतकी सरमिसळ माणसं मी या देशात दुसरीकडे फक्त मोटार व्हेइकलच्या ऑफिसात पाहिली आहेत. याद्याच तशा बनतात : मतदार, वाहन परवानाधारक, राज्याचा टॅक्स भरणारे, सगळे एकत्र करून त्यातून नावं निघतात. (मतदार म्हणून नाव नोंदवलं नाही की ज्युरीचं समन्स येत नाही, अशी एक समजूत आपल्या लोकांत पक्की आहे. गाडी चालवता ना? मग येतं.)

नावं पुकारली, आम्हाला कोर्टरूममध्ये नेलं. न्यायाधीशबाईंनी सांगितलं की खटला दिवाणी आहे आणि आठवडाभर चालेल. कुणाला फारच अडचण असेल तर पुढे येऊन सांगा. लागली रांग. न्यायासनापाशी जे बोलणं होतं ते बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून स्पीकरवर खरखर लावतात, त्यामुळे शब्द कळत नव्हते. पण माणसं दिसत होती. पेंट लागलेले बूट घातलेला एकजण. घरोघरी जाऊन आजारी म्हाताऱ्यांची सेवा करणारी, गणवेशातच आलेली बाई. टॅक्सीवाला, तो बाहेर माझ्याशी बोललाच होता : "गाडी उभी राहिली तरी तिचा हप्ता उभा राहत नाही." एकेक जण पुढे जायचा, दोन मिनिटं बोलायचा, न्यायाधीशबाई मान डोलवायच्या, तो मागच्या दाराने निघून जायचा. बाई दयाळू होत्या. त्यांच्या जागी मी असते तरी त्यांना सोडलंच असतं.

मग उरलेल्यांना प्रश्न विचारायला सुरुवात झाली. आमच्या राज्यात ठरलेली प्रश्नावली असते. काम काय करता, शिक्षण किती, घरात कोण कोण आणि ते काय करतात, टीव्हीवर काय बघता, बातम्या कुठून कळतात, फावल्या वेळात काय करता. गाडीच्या बंपरवर स्टिकर असेल तर त्यावर काय लिहिलंय, हेसुद्धा! एडिसन गावातल्या एका ओळखीच्या गृहस्थांच्या गाडीमागे "भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे" आहे. ते त्यांनी दुसऱ्या एका खटल्यात भर कोर्टात इंग्रजीतून सांगितलं होतं. त्यांना निवडलं नाही. स्टिकरमुळे की कशामुळे, ते वकिलांना ठाऊक.

दुपारपर्यंत आम्ही आठजण पक्के झालो. दोन शाळामास्तर, पोस्टातून निवृत्त झालेला एकजण, काउंटीचा नोकर, बँकेतली बाई, विमान कंपनीतला एक इंजिनिअर आणि मी. सकाळची ती सरमिसळ कुठल्या कुठे गेली होती. आठवी तेवढी वेगळी होती. हायवेवरच्या एका मोटेलमध्ये खोल्या साफ करणारी, पन्नाशीची, मूळची डॉमिनिकन रिपब्लिकची. तिने अडचण सांगितलीच नव्हती. का, म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत विचारलं. म्हणाली, "कागदावर लिहिलं होतं यायचंच, म्हणून आले."

खटला साधा होता. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीवर मागून दुसरी गाडी आदळली. ज्याला मार लागला, तो आमच्याकडच्या टर्नपाइकलगतच्या (टोलच्या हमरस्त्यालगतच्या) एका गोदामात रात्रपाळीला माल चढवण्या-उतरवण्याचं काम करायचा. मान आणि पाठ धरली. तक्रार अशी, की तेव्हापासून दुखणं पाठ सोडत नाही. समोरच्या वकिलाचा मुद्दा एकच, पण तो त्याने छान घोळवला : हा गृहस्थ अपघातानंतर पंधरवड्यात कामावर हजर झाला. हे हजेरीचे कागद. ज्याची पाठ खरंच गेलीय तो पंधरा दिवसांत खोकी उचलायला जाईल का?

साक्षीपुरावे संपल्यावर चिठ्ठ्या टाकून आठातल्या दोघांना बाजूला केलं जातं आणि सहाजण दार लावून बसतात. दिवाणी दाव्यात सहापैकी पाचांचं एकमत झालं की निकाल लागतो. आम्ही बसलो, आणि पहिल्या दहा मिनिटांत गाडी त्या पंधरवड्यावरच येऊन थांबली. इंजिनिअर म्हणाला, मला पाठीचा त्रास झाला तेव्हा मी दोन महिने घरी होतो. मास्तरीणबाईंनी दुजोरा दिला. पोस्टवाल्यांनी मान हलवली. सगळी सरळ, सज्जन माणसं. कुणाच्या मनात खोट नव्हती.

मोटेलवाली बाई तोवर गप्प होती. तिने इंजिनिअरला विचारलं, "ते दोन महिने तुला पैसे मिळत होते?" तो म्हणाला, हो, मिळत होते. "त्याला मिळत नव्हते," ती म्हणाली, आणि पुराव्यातल्या पगाराच्या पावत्या तिने टेबलावर पसरल्या. आम्हीही त्या चाळल्या होत्या, पण एकूण रकमेपलीकडे पाहिलं नव्हतं. तिने बोट ठेवत ठेवत दाखवलं. अपघाताआधी दर आठवड्याला जादा तास आहेत. रात्रपाळीचा वाढीव दर आहे. पंधरवड्यानंतर तो आलाय खरा, पण जादा तास शून्य. पुढे रात्रपाळीचा दरही नाही, म्हणजे दिवसाच्या हलक्या कामावर टाकलाय. "हा बरा होऊन आलेला नाही. हा घरभाड्यासाठी आलाय. मीसुद्धा मनगट मोडलं तेव्हा चौथ्या दिवशी एका हाताने चादरी घातल्या होत्या."

खोलीत कुणी काही बोललं नाही. मग मास्तरीणबाईंनी पावत्या पुन्हा पहिल्यापासून मागितल्या.

निकाल काय लागला ते सांगत नाही, त्याचा इथे संबंध नाही. मी वर्षानुवर्षं हिशेब लिहिते, आणि त्या पावत्यांतलं ते मला दिसलं नव्हतं. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा त्या बाईचं नाव निघालं असतं, किंवा पहिल्याच दिवशी तिने टॅक्सीवाल्यासारखं पुढे जाऊन खरं तेच सांगितलं असतं, तर त्या गोदाम कामगाराचा निवाडा आम्ही पगारी रजेवाल्यांनीच केला असता. कायद्यात बसेल असा, आणि मनापासून प्रामाणिक.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न पूर्वीच येऊन गेला आहे. १९४६ सालचं थील विरुद्ध सदर्न पॅसिफिक. चालत्या गाडीच्या खिडकीतून उडी टाकलेल्या एका प्रवाशाने रेल्वे कंपनीवर दावा लावला होता, की माझं डोकं ठिकाणावर नाही हे तुम्हाला कळायला हवं होतं. पण खटला गाजला तो ज्युरीच्या यादीवरून. सॅन फ्रान्सिस्कोच्या केंद्रीय कोर्टाचा क्लार्क रोजंदारीवरच्यांची नावं यादीत घालतच नव्हता, आणि ते त्याने मोकळेपणाने सांगितलं. त्याचं म्हणणं असं : गोदीतल्या हमालाचं नाव काढलं तर तो येऊन म्हणणार, साहेब, मी दिवसाला दहा डॉलर कमावतो, चार डॉलरवर काम करणं मला परवडत नाही. न्यायाधीश त्याला सोडणार. मग नाव घालायचंच कशाला? क्लार्कच्या मनात काळंबेरं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने तरी ते चूक ठरवलं. न्यायमूर्ती मर्फी यांनी निकालात मांडलं, की एखाद्या माणसाची ओढाताण होत असेल तर त्याला जरूर सोडा, पण एक अख्खा वर्ग यादीतून पुसता येणार नाही.

निकाल चांगला, पण त्याने दहा आणि चार यांतलं अंतर काही मिटलं नाही. त्या वेळी क्लार्क घरबसल्या नावं गाळायचा. आता माणसं कोर्टापर्यंत येतात आणि खरखरीच्या आवाजात एकेक करून गळतात.

पुण्याला मावशीशी फोनवर हे बोलले तर ती म्हणाली, "ज्युरी म्हणजे नानावटीचंच ना ते?" ज्युरी म्हटलं की आपल्याकडे नानावटीच आठवतो. १९५९ सालची गोष्ट. मुंबईच्या सेशन्स कोर्टात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नौदलातल्या कमांडर नानावटींना खुनाच्या आरोपातून निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि शिक्षा झाली. त्यानंतर देशातली ज्युरी लगेच बंद झाली हा मात्र गैरसमज. फौजदारी कायद्यातून ती पूर्णपणे गेली १९७३ च्या संहितेने.

मला त्याहून आठवतो तो १९०८ चा जुलै. मुंबई हायकोर्टात टिळकांवर राजद्रोहाचा खटला. सरकारने स्पेशल ज्युरी मागितली, म्हणजे सर्वसाधारण यादी सोडून बड्या, प्रतिष्ठित मंडळींच्या यादीतून निवडलेली. टिळकांच्या वतीने बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टांनी त्याला हरकत घेतली. मुद्दा उघड होता : लेख केसरीतले, मराठीतले, आणि अशा ज्युरीत बहुतेक जण मराठी न येणारे युरोपियन असणार. न्यायमूर्ती दावरांनी हरकत मानली नाही. नऊ ज्युरींपैकी सात युरोपियन, दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. सहा वर्षं काळं पाणी. ज्युरीचा कौल काहीही असो, मी निर्दोष आहे, असं टिळकांनी जे सांगितलं ते आज त्याच कोर्टात संगमरवरात कोरलेलं आहे. हे आपण शाळेत शिकतो.

आणि शिक्षेच्या दुसऱ्या दिवसापासून गिरण्या बंद पडल्या. सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा संप. गिरणी कामगारांनी सहा दिवसांची मजुरी सोडली. त्यांच्यातला एकही माणूस त्या नऊ खुर्च्यांच्या आसपास पोचू शकला नसता. टिळकांचे लेख वाचून घेणारे, चाळीत मोठ्याने वाचून दाखवणारे हे लोक. त्या लेखांचा अर्थ काय, हे ठरवायला बसले ते साहेब.

तिथे परक्या सरकारने ठरवून लोकांना बाहेर ठेवलं होतं आणि इथे असं कुणी ठरवत नाही, एवढा फरक मला कबूल आहे. पण ज्याचा निवाडा व्हायचा त्याच्या नशिबी शेवटी काय येतं?

म्हणून "ही तर वेठबिगारी झाली" असं आमच्यातला कुणी तावातावाने म्हणतो तेव्हा मी भांडते. शिक्षक निवडणुकीच्या ड्युटीला कुरकुरत जातात, पण त्यांचा पगार चालू असतो. इथेही तसं केलं तर अर्धी कुरकुर संपेल. आणि काही राज्यांनी केलंय. मॅसॅच्युसेट्समध्ये ज्युरीतले पहिले तीन दिवस मालकाने पगार द्यायचा, नंतर सरकार दिवसाला ५० डॉलर देतं. कनेक्टिकटमध्ये पूर्णवेळ कामगारांना पहिले पाच दिवस मालकाकडून पगार. टेक्सासने २०२३ मध्ये पहिल्या दिवसाचे २० आणि त्यापुढे रोजचे ५८ केले. कॅलिफोर्नियात पहिल्या दिवशी काहीच नाही आणि दुसऱ्या दिवसापासून १५ डॉलर, पण त्याच राज्यात सॅन फ्रान्सिस्कोने २०२२ मध्ये कमी उत्पन्नाच्या ज्युरींना दिवसाला १०० डॉलर द्यायचा प्रयोग सुरू केला. त्याच गावात, जिथे तो हमाल चार डॉलरसाठी यादीतून गळला होता.

यावर आमच्या ओळखीतले एक किराणा दुकानदार हमखास चिडतात. त्यांच्याकडे चार माणसं कामाला. "तीन दिवस माणूसही जाणार आणि पगारही मीच देणार? माझ्या पोटावर पाय का?" मला त्यांचं पटतं. मोठ्या कंपनीने द्यावा, तिला ते जाणवतही नाही. चार माणसांच्या दुकानाचा भार मात्र सरकारने उचलावा. कोर्ट चालवायला न्यायाधीश, शिपाई, लघुलेखक या सगळ्यांना पगार मिळतो. वकिलांचं तर विचारूच नका. त्या अख्ख्या खोलीत फुकटात बसलेले असतात ते फक्त निकाल देणारे.

"पण दिवसभर नुसतं बसवून घरी पाठवतात," ही दुसरी तक्रार. पाठवतात, कबूल. पण ज्युरी बाहेर बसलीय हे दिसल्यावरच आतले वकील तडजोडीवर येतात. तुम्ही त्या खोलीत पेंगत असता तेव्हाही काहीतरी मिटत असतं. ते पेंगणं पगारी असावं, एवढंच माझं म्हणणं.

आता ते टाळण्याचं. समन्स कचऱ्यात टाकू नका, दंड होऊ शकतो. ग्रीन कार्डवर असाल तरी ते येऊ शकतं, कारण वाहन परवान्याच्या यादीत तुमचं नाव असतं. तेव्हा "नागरिक नाही" यावर खूण करून परत पाठवा, आणि घाईत चुकून भलतीकडे खूण करू नका, पुढे नागरिकत्वाच्या वेळी महागात पडेल. तारीख अडचणीची असेल तर पुढे ढकलून मागा, बहुतेक वेळा मिळते. एचआरला पगाराचं लेखी विचारा. कितीतरी कंपन्या देतात आणि लोकांना ते ठाऊकच नसतं. रोजंदारीवर असाल आणि खरंच चूल पेटणार नसेल तर न्यायाधीशांना तसं सरळ सांगा, त्यात लाज नाही. थापा मात्र मारू नका. "मला इंग्रजी कळत नाही" असं अस्खलित इंग्रजीत सांगणारा आपला एक सॉफ्टवेअरवाला मी पाहिलाय. न्यायाधीशबाईंनी त्याला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं.

आणि ज्यांचा पगार चालू राहतो, त्यांनी मला टाळायचं कसं ते विचारू नये. येताना स्वेटर आणा, आत एसी फार असतो.